अबी-लेंबरोबर मराठवाड्यातले पाच दिवस

सहा वर्षांपूर्वी लेहमध्ये ज्या घराने मला आजारपणात सांभाळले, त्या घरातली दोन माणसे या डिसेंबरात मराठवाड्यात येऊन गेली. लडाखमधली पुष्कळ बौद्ध कुटुंबे हिवाळ्यात बोधगयेला जातात. हे मायलेक तिथून पुढे अजिंठा-वेरूळ पाहायला आले आणि वेळ अमावास्येच्या सणापर्यंत आमच्याकडे राहिले. आई शहात्तर वर्षांच्या आहेत. घरातले सगळे त्यांना ‘अबी-ले’, म्हणजे आजी, म्हणतात आणि मीही तेच म्हणते. मुलगा लेहजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. तो मला ‘आचे-ले’, म्हणजे ताई, म्हणतो आणि मी त्याला ‘नोनो’, म्हणजे धाकटा भाऊ.

लेहच्या त्या सहलीत आयोजकांनी आम्हाला विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडीत नेले होते. रात्री डोके फुटेल असे दुखू लागले, उलट्या झाल्या, आणि बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ७२ दाखवला. अबी-ले रात्रभर उशाशी बसून होत्या. सकाळी तेच यंत्र त्यांनी स्वतःच्या बोटाला लावले, तेव्हा ९० आकडा आला. तीस वर्षे अंबाजोगाईत प्राणिशास्त्र शिकवताना मी वर्गात ठामपणे सांगत आले होते की उंचावर राहणाऱ्यांच्या रक्तात तांबड्या पेशी आणि हिमोग्लोबिन जास्त असते आणि म्हणूनच ते तिथे तग धरतात. नोनोने कपाटातून स्वतःचा रक्ततपासणीचा कागद काढून दाखवला. साडेतीन हजार मीटरवर जन्म काढलेल्या त्या माणसाचे हिमोग्लोबिन १५.४ होते, म्हणजे आमच्या गावातल्या कोणाही धडधाकट पुरुषाइतकेच. त्या दिवसापासून मी या विषयाचे जे मिळेल ते वाचत आले आहे, आणि या पाच दिवसांचा वृत्तांत लिहिताना तो विषय बाजूला ठेवणे मला शक्य नाही.

पहिला दिवस, गुरुवार: देवगिरी आणि वेरूळ

गाडी माझ्या पुतण्याने चालवली. तो सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला असून त्याची दोन वर्षे लडाखमध्ये गेली आहेत, त्यामुळे पाहुण्यांशी त्याचे पहिल्या तासातच जुळले. छत्रपती संभाजीनगरातून सकाळी सातला निघालो तेव्हा हवेत चांगला गारवा होता आणि आम्ही शाली पांघरल्या होत्या. अबी-लेंनी मात्र गाडीची काच खाली केली आणि हवा उबदार आहे असे हिंदीत सांगितले.

देवगिरीच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या की नाही, याचा निर्णय खालीच करावा असे माझे मत होते. अबी-लेंनी तो विचारलाच नाही. हातात जपमाळ घेऊन त्या चढू लागल्या. अंधारी नावाच्या भुयाराच्या तोंडाशी, जिथे वटवाघळांचा वास येऊ लागतो, तिथे मी बसून घेतले.

“काकू, तुम्ही बसा हितंच, मी जातो आजीसंगं,” असे म्हणून पुतण्या पुढे गेला आणि पाऊण तासाने घाम पुसत परत आला. “बारादरीपोत्तर गेल्या की हो. धापच लागंना त्यांला.”

पुतण्याला मी तेव्हाच सांगितले की यातले किती जनुकांचे आणि किती पायांच्या सवयीचे, हे एका आजींवरून ठरवता येत नाही. आयुष्यभर चढावर पाणी आणि शेण-लाकूड वाहिलेले पाय आहेत ते. शिवाय इथली हवा त्यांच्यासाठी दाट आहे. हवेतला ऑक्सिजनचा वाटा लेहमध्येही सुमारे २१ टक्केच असतो. उंचीबरोबर उतरतो तो हवेचा दाब. लेहला तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या जवळ येतो आणि प्रत्येक श्वासात येणारे ऑक्सिजनचे रेणू त्याच प्रमाणात घटतात. जुळवून घेणे म्हणजे काय, हा प्रश्न तिथून सुरू होतो. माझ्यासारखा मैदानी माणूस वर गेला की त्याचा श्वास वाढतो, नाडी वाढते आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशीही वाढतात. हा एका शरीराने त्याच जन्मात केलेला बदल झाला, आणि खाली उतरले की तो ओसरतो. शेकडो पिढ्यांच्या निवडीतून एखाद्या लोकसमूहाच्या जनुकांत मुरलेला बदल वेगळा. वर्गात मी या दोन गोष्टी एकाच दमात सांगत आले, ही माझी चूक होती.

वेरूळला दुपारी पोहोचलो. नाताळच्या सुट्ट्यांमुळे कैलास लेण्यापाशी उभे राहायला जागा नव्हती, म्हणून आम्ही सरळ बौद्ध लेण्यांकडे वळलो. दहाव्या लेण्यात, ज्याला इकडे सुताराची झोपडी म्हणतात, छताच्या दगडी वाशांकडे पाहत अबी-लेंनी स्तूपाला तीन प्रदक्षिणा घातल्या. बाराव्या, तीन मजली लेण्यात त्यांनी एका मूर्तीसमोर थांबून “डोल्मा!” असे मोठ्याने म्हटले. डोल्मा म्हणजे तारा. वरच्या मजल्यावर ओळीने बसलेले सात बुद्ध त्यांनी बोटांवर मोजले, आणि आमच्याकडच्या गुंफेत आपल्या ओळखीचे देव भेटल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर संध्याकाळपर्यंत टिकून होते.

वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, त्यामुळे पाहुणे आणण्याआधी वार पाहून घ्यावा. सुट्ट्यांच्या दिवसांत सकाळी आधी बौद्ध लेणी आणि उन्हे कलल्यावर कैलास, असा क्रम सोयीचा पडतो.

दुसरा दिवस, शुक्रवार: अजिंठा

शंभर किलोमीटरचा रस्ता, पुढे फर्दापूरच्या फाट्यावरून एसटीची बस, हे सगळे सुरळीत झाले. वाघोरा नदीला पाणी अगदी थोडे होते. सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपाशी संभाजीनगरातली एक आंबेडकरी कुटुंबातली आजी बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिने “जय भीम” म्हटले, अबी-लेंनी “जुले” म्हटले, आणि मग दोघी शेजारी बसून बराच वेळ आपापल्या भाषेत पुटपुटत राहिल्या.

बाहेरच्या कट्ट्यावर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाताना मी नोनोला विचारले की बैशिया गुंफेची गोष्ट त्याने ऐकली आहे का. त्याने ती ऐकलेली नव्हती, आणि सांगण्यासाठी अजिंठ्याहून योग्य जागा मला सुचली नसती. तिबेटी पठाराच्या ईशान्य कडेला, चीनच्या गान्सू प्रांतात, ३,२८० मीटर उंचीवर ही गुंफा आहे आणि बौद्ध लोक आजही तिला पवित्र मानतात. १९८० मध्ये तिथे प्रार्थनेसाठी गेलेल्या एका भिक्षूला मानवी जबड्याचा अर्धा भाग सापडला. त्याने तो एका लामांकडे दिला आणि तिथून तो लान्चो विद्यापीठात पोहोचला. जबड्यावरचे खनिजाचे कवच किमान १,६०,००० वर्षांपूर्वीचे निघाले. त्यात डीएनए शिल्लक नव्हता, पण दातातल्या प्रथिनांवरून २०१९ मध्ये निष्कर्ष आला की हा जबडा डेनिसोवन मानवाचा आहे. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतातल्या डेनिसोवा गुंफेत मिळालेल्या बोटाच्या एका हाडामुळे २०१० मध्ये जगाला कळलेली ही मानवजात. आपली प्रजाती तिबेटी पठारावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी कोणी माणसे त्या विरळ हवेत राहत होती, हे त्या भिक्षूच्या हाती लागलेल्या हाडाने सांगितले.

त्याआधी २०१० मध्ये, तिबेटी लोक विरळ हवेत कसे तग धरतात यावर एकाच वर्षात तीन स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते आणि तिन्ही एकाच जनुकाकडे बोट दाखवत होते. ईपीएएस-१ हे ते जनुक. त्यांपैकी एका अभ्यासात ५० तिबेटी लोकांच्या जनुकांची हान चिनी लोकांशी तुलना केली होती. या जनुकातला एक फरक तिबेटींमध्ये ८७ टक्के आणि हान लोकांमध्ये ९ टक्के आढळला. हे दोन समूह एकमेकांचे जवळचे नातलग असताना एवढे अंतर पडते, याचा अर्थ नैसर्गिक निवडीने फार जोर लावला आहे. पुढे २०१४ मध्ये दिसले की तिबेटींमधला हा जनुकाचा तुकडा डेनिसोवन जनुकसंचाशी जुळतो. म्हणजे तो उसना आलेला आहे, कुठल्यातरी प्राचीन सोयरिकीतून. बैशियाच्या जबड्याच्या मालकाकडे तो तुकडा होता असे मात्र कोणी म्हणू शकत नाही.

नोनोने हे सगळे आईला लडाखीत सांगितले. त्यांनी विचार करून उत्तर दिले, आणि नोनोने मला त्याचे हिंदी करून सांगितले: “अबी-ले म्हणतात, डोंगरात आधी राहणाऱ्याकडून वाट विचारून घ्यावी लागतेच.”

एक गोष्ट इथे सांगणे आवश्यक आहे. यातले बहुतेक संशोधन तिबेटी पठारावरच्या आणि नेपाळमधल्या तिबेटी वंशाच्या लोकांवर झालेले आहे. लडाखी भाषा तिबेटीच्या कुळातली आणि पूर्वजांचा मोठा भागही तिकडचा, पण तिथे इतर रक्तही मिसळले आहे. म्हणून नोनोच्या अंगात अमुक जनुक आहेच, असे मी म्हणणार नाही.

तिसरा दिवस, शनिवार: पैठणचा नाथसागर

पैठणला मी त्यांना एकनाथमहाराजांच्या समाधीसाठी आणि पैठणीचे माग दाखवण्यासाठी नेले होते. ते दोन्ही झाले, पण हा दिवस आमच्या लक्षात राहील तो पहाटेच्या पाण्यामुळे.

जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि गोदावरीचे पाणी पसरून नाथसागर झाला. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. पहाटे साडेसहाला आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा धुक्यात काहीच दिसत नव्हते, फक्त कलकलाट ऐकू येत होता. जाळी आवरणाऱ्या एका भोई काकांनी हात करून उथळ पाण्याची बाजू दाखवली. “थोडं थांबा माय, ऊन पडलं की दिसतेत. तिकडं हरभऱ्यात चरायला जातेत ते.”

ऊन पडले. करड्या अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले पन्नास-साठ पक्षी पाण्याच्या कडेला उभे होते. पट्टकादंब. मी दुर्बीण अबी-लेंच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्याला लावलीही नाही, कारण आवाजावरूनच त्यांना कळले होते. “ङङ्पा,” त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ लडाखीत बोलत राहिल्या. त्यांचे माहेर चांगथांगमधले, त्सो मोरिरी सरोवराजवळचे, साडेचार हजार मीटर उंचीवरचे. हे पक्षी उन्हाळ्यात तिथे घरटी करतात. लहानपणी बकऱ्या राखताना त्यांनी पट्टकादंबांची पिल्ले पाण्यात उतरताना पाहिली होती, आणि हिवाळ्यात ते पक्षी कुठे जातात हे त्यांना शहात्तराव्या वर्षी, आमच्या मराठवाड्यातल्या धरणाच्या काठावर कळले. त्यांनी हात जोडले. मला त्या वेळी बोलता आले नाही.

हिमालय ओलांडणाऱ्या या पक्ष्यांवर मागोवा घेणारी यंत्रे बसवून पाहिले गेले आहे आणि त्यात ७,२९० मीटरपर्यंतची उंची नोंदली गेली आहे. एवढ्या उंचीवर पंख मारण्यासाठी ऑक्सिजन कसा पुरतो, याच्या उत्तराचा एक भाग त्यांच्या हिमोग्लोबिनमध्येच आहे. हिमोग्लोबिनची रचना उलगडणारे माक्स पेरुत्झ यांनी १९८३ मध्ये मांडले की याचे मूळ या पक्ष्याच्या अल्फा साखळीत, म्हणजे हिमोग्लोबिन ज्या दोन प्रकारच्या प्रथिनसाखळ्यांचे बनते त्यांतल्या एकीत, ११९व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी अॅलनीन असण्यात आहे. एवढ्याशा बदलाने दोन साखळ्यांमधला एक सांधा सैल होतो आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरते. आश्चर्य पुढेच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या हंसामध्ये नेमका तोच सांधा सैल झालेला आहे, पण बदल सांध्याच्या दुसऱ्या बाजूला, बीटा साखळीत झाला आहे. एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन पक्ष्यांनी एकाच कुलपाला दोन बाजूंनी हात घातला.

माणसांच्या बाबतीत याहून वेगळे घडले. तिबेटी माणसाचे हिमोग्लोबिन रेणू म्हणून तुमच्या-आमच्यासारखेच असते. बदलली आहे ती ते किती बनवायचे याची आज्ञा. हे मी नोनोला तिथेच, ओल्या वाळूवर काडीने आकृती काढून समजावले, कारण पुढच्या वर्षी त्याला ते आठवीच्या वर्गात सांगायचे आहे.

नाथसागराला जायचे तर डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे, उजाडण्याआधी पोहोचावे आणि स्थानिक मासेमारांना विचारून जागा ठरवावी, कारण पाणी हटले की पक्षीही जागा बदलतात. भडक कपडे घालू नयेत. गाडीचा हॉर्न वाजवू नये.

चौथा दिवस, रविवार: बीडमार्गे अंबाजोगाई

रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर होते. बीडच्या पुढची काही गावे अर्धी रिकामी वाटली, कारण दसऱ्यानंतर माणसे ऊसतोडीला गेली की ती उन्हाळ्यालाच परततात. घरांना कुलपे का आहेत, असे अबी-लेंनी विचारले. चांगथांगचे मेंढपाळही कुरणामागे हलत राहतात, त्यामुळे उत्तर त्यांना लगेच समजले.

घरी पोहोचल्यावर येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी झाली, आणि रात्री पुतण्याने आपली जुनी फाइल काढली. लडाखमधल्या दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याचे हिमोग्लोबिन १९ च्या वर गेले होते. घरी आल्यावर सगळ्यांनी त्याचे कौतुक केले होते, मीसुद्धा. चेहरा लालबुंद, रक्त भरपूर, आणखी काय हवे, असे आम्हाला वाटले. तो मात्र त्या महिन्यांत डोके जड राहते आणि झोप लागत नाही असे सांगत असे.

नोनोचा १५.४ आणि पुतण्याचा १९, हे दोन कागद टेबलावर शेजारी ठेवले की सगळा विषय समोर येतो. ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये हिफ नावाचे प्रथिन टिकून राहते. एरवी ऑक्सिजन पुरेसा असताना पीएचडी-२ हे विकर त्याच्यावर खूण करते आणि ते मोडीत निघते. टिकलेले हिफ मूत्रपिंडाला निरोप देते, एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढते आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवू लागते. ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ईपीएएस-१ हे जनुक हिफचाच एक प्रकार बनवते आणि तिबेटींमध्ये बदललेले दुसरे महत्त्वाचे जनुक, ईजीएलएन-१, पीएचडी-२ बनवते. म्हणजे निवडीने हात घातला आहे तो थेट या निरोपाच्या तारेला. तिबेटी शरीर विरळ हवेत घाबरून तांबड्या पेशींचा पूर आणत नाही.

पूर आला तर काय बिघडते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. विहिरीतले गाळाचे दाट पाणी ओढताना मोटारीवर ताण येतो. तांबड्या पेशी फार वाढल्या की रक्त तसेच दाट होते आणि हृदयाला ते ढकलणे जड जाते. पेरूमध्ये कार्लोस मोंखे यांनी १९२५ मध्ये अशा रोग्याचे वर्णन केले आणि त्या जुनाट पर्वतरोगाला त्यांचेच नाव मिळाले. अँडीजमधली माणसेही हजारो वर्षे उंचावर राहत आली आहेत, त्यांच्यातही अनुकूलन झाले आहे, पण त्यांचे हिमोग्लोबिन तिबेटींपेक्षा जास्त असते आणि हा रोग त्यांच्यात अधिक दिसतो. इथिओपियात तर आणखी निराळे आहे. तिथल्या अम्हारा लोकांचे ३,५०० मीटरच्या आसपासही हिमोग्लोबिन समुद्रसपाटीसारखे आढळले, तर सुमारे ५०० वर्षांपूर्वीच उंचावर गेलेल्या ओरोमो लोकांचे ते वाढलेले असते.

मग कमी पेशींवर तिबेटी माणसाचे भागते कसे? ती माणसे श्वास जास्त घेतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या रुंद राहतात. ४,२०० मीटरवरच्या तिबेटींच्या हातातला रक्तप्रवाह सखल भागातल्या लोकांच्या दुपटीहून अधिक आणि रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची रक्तातली संयुगे दहापटींहून अधिक, असे २००७ मध्ये मोजले गेले आहे. पातळ पाणी, रुंद पाट.

पुतण्याने त्या रात्री सांगितलेली गोष्ट लेहला जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे. सैन्यात वर गेलेल्या जवानाला पहिल्या टप्प्यात सहा दिवस सरावासाठी ठेवतात आणि पहिले दोन दिवस तर जवळजवळ पडून राहायला लावतात. त्याच्यामागे भारतीय सैन्याचा जुना, महाग अनुभव आहे. १९६२ च्या काळात मैदानातून थेट वर चढवलेल्या जवानांच्या आजारांतून इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांचा अभ्यास केला आणि तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरच्या डॉक्टरांनी त्यावरून धडे घेतले. आपण मात्र चार दिवसांच्या सहलीत दुसऱ्या दिवशी खिंड गाठतो. विमानाने लेहला उतरलात तर दोन दिवस विश्रांतीच घ्या. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नका. गोळ्या घ्यायच्या तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. सहलीचे पैसे बुडतील, ते बुडू द्यावेत.

पाचवा दिवस, सोमवार: लातूर जिल्ह्यातल्या शेतात वेळ अमावास्या

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला लातूर-धाराशिवकडची शहरे ओस पडतात आणि सगळे आपापल्या शेतात जातात. माझ्या सासरच्या शेतात जाऊबाईंनी कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करून पांडव मांडले होते. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या आणि बिंदग्यात आंबील. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील अबी-लेंनी एक घोट घेऊन पाहिली आणि पेला पुन्हा पुढे केला. भाजलेल्या जवाचे पीठ ताकात कालवून त्या घरी असेच पितात, असे नोनोने सांगितले.

जेवणानंतर पुरुष हरभऱ्याच्या रानात गेले आणि आम्ही बायका कोपीच्या सावलीत बसलो. नोनोला मी मुद्दाम थांबवून घेतले, कारण दुभाष्याशिवाय बोलणे अडले असते. जाऊबाईंनी सरळ विचारले, “आजी, तुम्हाला लेकरं किती?”

“सात झाली. पाच जगली.” सर्वांत मोठे मूल माहेरी, चांगथांगमध्ये, काळ्या लोकरीच्या तंबूत झाले होते. डॉक्टर नव्हताच.

जाऊबाईंच्या सुनेला सातवा महिना आहे. तिचे हिमोग्लोबिन ९ असून आशाताई दर आठवड्याला लोहाच्या गोळ्यांची आठवण करायला येते. आमच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये तर याहून वाईट आकडे मी स्वतः शिबिरांत पाहिले आहेत. अशा ठिकाणी वाढलेल्या मला हिमोग्लोबिन वाढले की चांगले, एवढेच ठाऊक होते. म्हणून २०२४ मध्ये सिंथिया बिअल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नेपाळमधला अभ्यास वाचला तेव्हा मी तो दोनदा वाचला. अप्पर मुस्तांगमध्ये ३,५०० मीटरच्या वर आयुष्य काढलेल्या, ४६ ते ८६ वयाच्या ४१७ स्त्रियांना त्यांनी तपासले. प्रत्येकीला सरासरी ५.२ जिवंत मुले झाली होती. सर्वाधिक मुले कोणाला झाली? ज्यांचे हिमोग्लोबिन फार नव्हते आणि फार कमीही नव्हते, मधले होते, पण त्यातला प्रत्येक रेणू ऑक्सिजनने चांगला भरलेला होता, फुफ्फुसाकडे जाणारा रक्तप्रवाह मोठा होता आणि हृदयाचा डावा कप्पा रुंद होता, त्यांना.

उंचीची खरी परीक्षा शिखरावर जाणाऱ्याची होते असे आपण समजतो. निवड चालते ती बाळंतिणीच्या तंबूत. उंची हजार मीटरने वाढली की नवजात बाळाचे वजन सुमारे १०० ग्रॅमने घटते, असा सर्वसाधारण हिशेब आहे. तिबेटी आणि अँडीजच्या मूळ रहिवाशांच्या बाळांमध्ये ही घट बरीच कमी असते, कारण त्या गर्भवतींच्या गर्भाशयाकडे रक्त जास्त वाहते. बोलिव्हियातले पोतोसी हे चार हजार मीटरवरचे चांदीच्या खाणींचे शहर १५४५ मध्ये वसले. मूळ रहिवाशांच्या घरी मुले होत होती, पण स्पॅनिश आईबापांचे पहिले मूल तिथे जन्मून जगायला ५३ वर्षे लागली, अशी त्या काळच्या इतिवृत्तकाराची नोंद आहे. ते मूल जगले तेव्हा तो संताचा चमत्कार मानला गेला. त्या ५३ वर्षांत किती पाळणे रिकामे राहिले असतील, याचा विचार मी कोपीत बसून केला आणि अबी-लेंच्या न जगलेल्या दोन मुलांबद्दल पुढे काही विचारले नाही.

सुनेने सगळे ऐकून विचारले, “मग काकू, गोळ्या नको का घेऊ?” मी तिला लगेच आणि कडक शब्दांत सांगितले की गोळ्या घ्यायच्याच. तिचे ९ हे अनुकूलन नाही, ते अन्नातल्या लोहाची उणीव आहे आणि त्याने आई व बाळ दोघांना धोका असतो. आकडा कोणाचा आहे आणि कोणत्या हवेतला आहे, हे पाहिल्याशिवाय तो वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रक्तक्षयाच्या निकषांत उंचीप्रमाणे हिमोग्लोबिनची मर्यादा वाढवून धरतात. तो हिशेब तिबेटी लोकांना जसाच्या तसा लावला तर निरोगी बाईसुद्धा कागदावर आजारी ठरू शकते. अबी-लेंना लेहमध्ये एकदा असाच कोणीतरी रक्त कमी असल्याचा धाक घातला होता, हे नोनोने तेव्हा सांगितले.

वेळ अमावास्येला शेतात बोलावणे आले तर नाही म्हणू नये. अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. सोबत रुमाल आणि पाण्याची बाटली असावी, आणि आंबील बेताने प्यावी, कारण तिने झोप अनावर होते.

लातूर स्थानकावर रात्री निरोप घेताना मी नोनोला एका गोष्टीची आठवण दिली. उंचावरचा रहिवासी काही आठवडे खाली राहून परत गेला तरी त्याच्या फुफ्फुसांत पाणी होऊ शकते. अँडीजमध्ये हे जास्त पाहिले गेले आहे, तिबेटी वंशाच्या लोकांत कमी. तरीही महिनाभर मैदानात राहिलेल्या शहात्तर वर्षांच्या आईला त्याने पोहोचल्यावर दोन दिवस घराबाहेर पाठवू नये.

बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. लेहला उणे चौदा तापमान होते. अबी-ले दोन दिवस बुखारीजवळ, म्हणजे शेगडीजवळ, बसून होत्या, बोटाच्या यंत्राने ८९ दाखवले होते, आणि जाऊबाईंनी बांधून दिलेल्या ज्वारीच्या पिठाची त्यांनी ताकात आंबील केली होती. ती आमच्याइतकी आंबत नाही, तर काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. तिथे थंडीत ताक आंबायला वेळ लागणारच. रात्रभर भांडे बुखारीजवळ ठेवायला मी सांगितले आहे.